भैरवगढची पाव तासाची बैठक

उज्जैनला जाऊन आले म्हटलं की जो तो आधी महाकालाचं विचारतो. दर्शन झालं का, गर्दी किती होती, प्रसाद आणला का. दर्शन झालं. प्रसाद आणला होता, तो वाटून संपला. पण मी देवासाठी म्हणून गेलेच नव्हते. मी गेले होते एक बैठक बघायला, पाव तासात संपणारी. आता बैठक बघायला कुणी एवढं लांब जातं का? जावं लागलं.

आमचं गाव मलकापूरहून आत आहे. आमचे मालक कापसाच्या जिनिंगमध्ये होते. जिनिंग बंद पडलं, पाठोपाठ मालक गेले. मुलगा सुरतेला कामाला गेला तो तिकडचाच झाला. मी एसटी स्टँडवर फुटाणे-शेंगदाणे विकते. माल घ्यायला पैसा लागतो. तो पूर्वी सोनाराकडून आणायचे, काहीतरी गहाण टाकून. मग गावात संस्थेचं केंद्र आलं. संस्था बँकेकडून पैसा आणते, बायकांच्या गटाला देते, आठवड्याला हप्ता घेते. तो घ्यायला कल्पना यायची. कल्पना म्हणजे आमची सेविका, पोरगीच आहे, पण समजदार.

हप्ता गोळा व्हायला वेळ लागत नाही. वेळ लागतो बोलण्याला. कुणाची म्हैस आटली, कुणाची पोर माहेरी येऊन बसली, कुणाच्या नवऱ्यानं शिलाई मशीनच विकून टाकली. कल्पना सगळं ऐकायची. तिला माहीत असायचं कुणाला किती झेपेल. कुणाला कर्ज द्यायचं आणि कुणाला म्हणायचं, "काकू, यंदा राहू द्या." म्हणून आमच्या केंद्रात हप्ता कधी बुडाला नाही. पण अख्खी दुपार जायची, तेही खरं.

मग देशमुख सर आले. ते संस्थेची मोजणी करत होते. किती खर्चात किती काम होतं, एक सेविका किती बायका सांभाळते, असं. पैसे देणाऱ्या बँका आता हेच विचारतात म्हणाले, पहिले दिवस गेले. त्यांनी आमचं केंद्र तपासलं आणि मान हलवली.

मी म्हटलं, "हप्ते तर पुरे हायेत न साहेब?"

"हप्ते पूर्ण आहेत, आजी. पण तुम्ही महाग पडता."

एवढ्या आयुष्यात मला कुणी महाग म्हटलं नव्हतं. माझ्या शेजारी मंदा बसली होती, आमच्या गटातली, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "मावशे, लग्नाच्या टायमाले भेटाले पाह्यजे होते हे. चांगला भाव आला असता तुले."

बायका हसल्या. सरही हसले. पण पुढचं बोलले ते हसण्यासारखं नव्हतं. होळीपर्यंत बैठक आटोपती झाली नाही तर गावातलं केंद्र बंद, ज्याला पाहिजे त्यानं मलकापूरच्या केंद्राला यावं. आता मांडीवर लेकरू असलेली बाई, रोजंदारीची बाई दर आठवड्याला मलकापूर कशी गाठणार? ती सोनाराचीच पायरी चढणार. सर म्हणाले, उज्जैनला आपलंच एक केंद्र आहे, भैरवगढला, छपाईवाल्या बायकांचं. पाव तासात बैठक संपते आणि एकही हप्ता चुकत नाही. दोघीजणी जा, बघा, शिकून या, आणि मला सांगा. तिकडच्या तपासणीला मी येणारच आहे.

मंदाला हिंदी येते म्हणून ती. मी म्हातारी, माझं ऐकतात म्हणून मी. गावानं मला सांगून ठेवलं, "रिकाम्या हातानं येऊ नको."

नानाखेडा

भुसावळ, खंडवा, इंदूर, सगळीकडे गाडी बदलत गेलो. ते काही सांगत नाही, पाठ धरली एवढंच. इंदूरहून बस होती. उज्जैन आलं, उज्जैन आलं म्हणत पुढच्या बाकावरचं एक कुटुंब उठलं, बोचकी काढायला लागलं, तर त्यांच्या मागं आम्हीही उतरलो. बस गेली निघून. बघतो तर ना बाजार ना देऊळ. नव्या नव्या बंगल्यांच्या कॉलन्या, अर्ध्या बांधलेल्या, रस्त्याला गिट्टी पडलेली. ते कुटुंब आपल्या घरी गेलं. आम्ही उभ्या.

एक टेंपोवाला थांबला. "कां जाना है अम्मा?"

मंदा म्हणाली, "फ्रीगंज."

"अरे, तो नानाखेड़े पे काय कू उतर गईं? सगळेच... सब यहीं उतरते क्या? बैठो."

हे "सगळेच" तो मराठीत बोलला. मी विचारलं तर म्हणाला, त्याच्या मोहल्ल्यात मराठे लोक फार, लहानपणापासून कानावर आहे. परक्या गावात एक शब्द आपला ऐकला तरी बरं वाटतं. पण टेंपोत बसल्यावर मला परत धास्ती. उतरायची जागा चुकली, तशी बैठक बघायलाही चुकलो तर? मला लिहितावाचता जेमतेम येतं. जे बघायचं ते डोळ्यानंच बघायचं होतं.

फ्रीगंज

मुक्काम कल्पनाच्या मामाकडे होता. फ्रीगंजात घड्याळाच्या टॉवरपासून आत, दुकानांच्या मागं घर. त्यांचे लोक कधी काळी दरबारच्या नोकरीला आले आणि इथंच राहिले. मामांचं नाव वसंतराव. बँकेत होते, आता घरी. मामी नलूताई. त्यांची मराठी ऐकून मंदा पहिल्यांदा पदर तोंडाला लावून हसली.

"या, या, दरवाजा खुलाच आहे. किती परेशान झालात न तुम्ही! मी तर यांना सकाळपासून म्हणत होते, जा, घेऊन या. पण हे सुनतील तेव्हा न."

वसंतराव म्हणाले, "गाडी कितीची, हेच पक्कं नव्हतं."

"यांचं कधी काहीच पक्कं नसतं. पानी घ्या आधी."

सकाळी पोहे आणि सोबत जिलबी. सकाळच्या पारी जिलबी! आमच्याकडे जिलबी पंगतीला. इथं पोहे वाफेवर मऊ केलेले, वरून शेव, वरून कसला तरी मसाला, जिरावन म्हणतात. मी चमच्यानं खालपर्यंत शोधलं.

"काय शोधता, ताई?"

"शेंगदाणे."

"आमच्याकडे पोह्यात नाही टाकत."

मंदा म्हणाली, "मावशे, या गावात तुहा धंदा नाही चालत."

शेवेचं मात्र त्या गावाला वेड आहे. पोह्यावर शेव, वरणावर शेव, भाजी नसेल तर शेवेची भाजी. ती शेवभाजी आमच्याकडेही होते, पण वरणावर शेव मी पहिल्यांदा बघितली. वाईट लागत नाही.

जेवताना वसंतरावांनी विचारलं, काय बघायला आलात. मी सगळं सांगितलं. महाग पडता, तेही सांगितलं. ते जेवायचे थांबले.

"माझीपण ब्रांच होती, आजी. तराणा साइडला एका गावात. बँका सरकारी झाल्या न, त्यानंतरची. तेव्हा वरून हुकूम होता की गावात जा, गरिबाला खातं काढून द्या. मी सायकलवर फिरायचो. कुणाला बैल, कुणाला पंप, कुणाला चहाची गुमटी. मग मोजणारे आले. एका खात्यामागं खर्च किती, कमाई किती. ब्रांच तोट्यात निघाली. मोठ्या गावच्या ब्रांचमध्ये मिळवून टाकली, न आम्हाला म्हणाले, पैसे घ्या आणि घरी बसा."

"चुकीचं मोजलं का हो त्यांनी?"

"नाही हो. हिशेब एकदम सही होता. मी सायकलवर फिरत होतो न, तो खर्चच होता."

नलूताईंनी त्यांच्या वाटीत वरण वाढलं. "आता हे घरी बसून माझी मोजणी करतात. तेल किती लागलं, गॅस कधी लावला."

सगळे हसलो. पण मी मनात म्हटलं, हिशेब चुकला असता तर भांडता आलं असतं. बरोबर असलेल्या हिशेबाशी भांडायचं कसं?

भैरवगढ

दुसऱ्या दिवशी नलूताईंनी आम्हाला टेंपोत बसवून दिलं. भैरवगढ गावाच्या बाहेरच्या अंगाला आहे, नदीकाठी. तिथं काळभैरवाचं देऊळ आहे, त्या देवाला दारूचा नैवेद्य असतो. बाहेर हारांच्या टोपलीत बाटल्या मांडलेल्या. मंदा म्हणाली, "आपल्या गावचे अर्धे लोक इथं पुजारी होतीन." मी तिला गप्प केलं आणि बाहेरूनच हात जोडले.

छपाईवाल्यांची गल्ली आधी नाकाला कळते, मग डोळ्याला. रंगाचा, ओल्या कापडाचा, भट्टीच्या धुराचा वास. घराघरात लांब टेबलं, त्यावर चादर ताणलेली. लाकडी ठप्पा रंगात बुडवायचा, चादरीवर ठेवायचा, वरून मुठीनं ठोकायचा. ठक्, ठक्. एक ठप्पा दुसऱ्याला असा जाऊन भिडतो की सांधा दिसत नाही. मुसलमान घरं आहेत, हिंदू घरं आहेत, काम एकच. बायकांचे हात कोपरापर्यंत निळे-तांबडे.

केंद्र शकीला आपांच्या ओसरीवर होतं. आपा म्हणजे उंच बाई, पन्नाशीची, बोलणं तोडून. देशमुख सर आधीच येऊन बसले होते, घड्याळाचं मनगट वर करून. तिथली सेविका आली. बायका ओळीनं बसल्या. प्रत्येकीच्या मुठीत पैसे मोजून तयार. एकीनं गोळा केले, एकीनं मोजले, सेविकेनं लिहिले. नवं कर्ज कुणाला? आपांनी दोन नावं घेतली. कुणाची हरकत? कुणाची नाही. अंगठे झाले, सह्या झाल्या. संपलं. मी अजून मांडी नीट घालत होते.

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "बघितलंत? असं पाहिजे. उद्या संध्याकाळी फ्रीगंजच्या ऑफिसात या आणि मला सांगा काय काय शिकलात. तुमच्या भागातल्या सगळ्या केंद्रांना तेच सांगायचंय."

गाडीत बसून ते गेले. काय शिकले होते मी? त्या बायका काही बोलल्याच नव्हत्या. बोलत नाहीत म्हणून लवकर संपतं, हे काय शिकणं झालं? आमच्याकडे बायकांना गप्प बसवलं तर कुणाच्या घरात काय चाललंय ते कळणार कसं, आणि न कळता पैसा दिला तर बुडणार नाही का?

मी आपांना विचारलं. मंदानं हिंदीत करून सांगितलं. आपा चहा गाळत म्हणाल्या, "आदत है अम्मा. आदत पड़ जाती है."

बाजूला रामकन्या म्हणून एक बाई बसली होती, माझ्या वयाची, दात पडलेली. ती बोलली, "कल सुबे घाट पे आ जाओ अम्मा. कपड़ा धुलता है, देख लेना. मेहमान लोग तो वोई देखने आते हैं."

आपांनी तिच्याकडे असं बघितलं की ती बशीतला चहा फुंकायला लागली. मला तेव्हा काही कळलं नाही.

शिप्रेचा घाट

मार्गशीर्षाची थंडी. नदीत पाणी कमी, पण वाहतं. बायका गुडघ्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून छापलेल्या चादरी दगडावर आपटत होत्या. पाण्यात रंग सुटत होता, कधी तांबडी धार, कधी काळी. धुतलेल्या चादरी काठावर पसरलेल्या. आम्ही एका दगडावर टेकलो.

आणि काय सांगू, घाटावर कलकलाट! काल मुक्या बसलेल्या बायका त्याच होत्या का, असं वाटलं. मागच्या गल्लीचं केंद्र वेगळं होतं, पण घाट एकच आणि आपाही दोन्हीकडच्या; त्याची बैठक उद्या होती, आणि आज घाटावर त्याचं सगळं चाललं होतं. जमना नावाची एक तरणी बाई म्हणत होती की या हप्त्याला तिच्याकडे नाही. नवरा मिलमध्ये होता, मिलला टाळं लागलं.

एक जण ओरडली, "नी है? तो ये चूड़ियां कां से आईं?"

"बेन की हैं. पेन के देख री थी."

"बेन की चूड़ी, जीजा का घर, तेरा क्या है फिर?"

"मेरी तो उधारी है!" जमना म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. तीही हसली आणि मग रडली. कुणी तिला उगी केलं नाही. कापड आपटत राहिल्या. जरा वेळानं रामकन्या म्हणाली, "मैं भर दूंगी इसका. पर दो दिन मेरी चादरें ये धोएगी. मेरे घुटने अब पानी नी झेलते."

आपा मध्ये उभ्या होत्या. "सबको मंजूर?" मंजूर. मग दुसरीचं. एकीला नवं कर्ज पाहिजे होतं. आपांनी सरळ विचारलं, जावई आलाय न घरी, त्याच्यासाठी पाहिजे का? ती कबूल झाली. मग नाही मिळणार. ती चिडली, कापड घेऊन लांब जाऊन बसली, परत आली. ऊन चांगलं वर येईपर्यंत हे चाललं. हीच तर आमची बैठक होती! तीच भांडणं, तेच हसणं. फक्त सेविका नव्हती आणि मनगटावर बघणारं कुणी नव्हतं. उद्या ओसरीवर मुठी उघडायच्या, एवढंच राहिलं होतं.

मला आधी हायसं वाटलं. कळलं न आता! आणि लगेच आपा माझ्याजवळ येऊन बसल्या. ओल्या हातानं माझा हात धरला.

"अम्मा, साहब को मत बताना."

"काहून?"

मंदानं विचारलं, क्यों.

"घड़ी में ये भी जोड़ देंगे. अपना सेंटर नंबर एक पे है, इसीलिए बैंक बड़ा लोन दे रई है. अपन कोरा कपड़ा खुद खरीदेंगे. अभी तो सेठ का कपड़ा, सेठ का रंग, अपनी खाली मजूरी. नंबर गिरा तो सब गया. बरसों लगे हैं इसमें, अम्मा."

त्यांचा हात थंडगार होता. हो म्हणायला तोंड उघडलं तर आमच्या गावच्या बायका डोळ्यासमोर आल्या.

महाकाल

दुपारी नलूताई म्हणाल्या, उज्जैनला येऊन दर्शन नाही म्हणजे काय, चला. गेलो. रांगेत उभ्या राहिलो. तिथं मंदा एकसारखी बोलत होती.

"मावशे, सांगू नको. त्यांच्या पोटावर पाय येईन."

"मंग सरले काय सांगू?"

"सांग, बायका शिस्तीच्या हायेत."

"अन् आपल्या गावात काय करू? त्यायले म्हणू, मुक्या बसा? पुढच्या सालापर्यंत निम्मे हप्ते बुडतीन."

"मंग सांगून टाक."

"अन् आपाचं?"

"मले इचारूच नको तू," मंदा म्हणाली आणि पुढच्या बाईच्या पाठीकडे बघत राहिली.

आत ढकलत ढकलत गेलो. पिंडीसमोर क्षणभर उभं राहायला मिळालं आणि मागायचं काय तेच सुचेना. घाटावरच्या बायकांसाठी मागावं तर आमचं केंद्र जातं, आमच्यासाठी मागावं तर त्यांचं. नुसते हात जोडले. मागच्यानं पुढं ढकललं.

घरी नलूताईंनी दाल-बाफले केले होते. बाफले म्हणजे कणकेचे गोळे, आधी उकडायचे, मग भाजायचे, मग तुपात बुडवायचे. एवढ्या हौसेनं केलेलं अन्न, आणि मी एकाच्या वर खाऊ शकले नाही. नलूताईंना वाटलं तूप कमी पडलं. त्यांनी आणखी ओतलं.

ऑफिस

ऑफिस फ्रीगंजातच होतं, एका एसटीडी बूथच्या वरच्या मजल्यावर. शेजारी संगणकाचा क्लास, पोरंपोरी जिन्यावर बसलेली. सर खुर्चीवर, आम्ही समोर. चहा आला.

"बोला आजी. काय शिकलात?"

"बायका शिस्तीच्या हायेत," मी म्हटलं.

"बरोबर. अजून?"

"पैसे मोजून आणतात."

"उत्तम. अजून?"

मी चहा पीत राहिले. मग सर आपणच बोलायला लागले. म्हणाले, खरं सांगू का, दोष तुमचा नाही. तुमची ती कल्पना हळू आहे. गप्पा मारत बसते. मी वर तसं कळवणार आहे. होळीनंतर दुसरी मुलगी देऊ, चटपटीत.

मी कप खाली ठेवला. आता गप्प बसले असते तर कल्पना गेली असती, आणि तिच्या जागी येणारीलाही काही शिकवता आलं नसतं.

"कल्पना हळू नाही, साहेब," मी म्हटलं. "भैरवगढची बैठक त्या ओसरीवर होतच नाही. ती आदल्या दिवशी घाटावर होते. कापड धुता धुता. तिथं लई वेळ लागते. आमच्यापेक्षा जास्त."

मंदानं डोळे मिटून घेतले. मी थांबले नाही. कोण कुणाचा हप्ता भरते, त्याच्या बदल्यात कोण कुणाच्या चादरी धुते, कर्ज कुणाला नाकारतात, सगळं सांगितलं. जमनाचं नाव तेवढं घेतलं नाही. शेवटी हात जोडून म्हटलं, "त्यायचा नंबर नका पाडू, साहेब. त्या बायका खऱ्या हायेत."

सरांनी लिहिणं थांबवलं. "घाटावर सेविका असते?"

"नाही."

"संस्थेचं कुणीच नसतं?"

"कुणीच नाही."

त्यांचा चेहरा खुलला. मी एवढा खूश माणूस त्या दोन दिवसांत बघितला नव्हता.

"मग नंबर का पडेल, आजी? तो वेळ आपला नाहीच. आपल्याला त्याचा एक पैसा खर्च नाही. बायका स्वतःहून करतात, हे तर फारच चांगलं! हेच सगळीकडे करायचं. आदल्या दिवशी तुम्ही तुमचं बसा, बोला, ठरवा. सेविकेनं फक्त पाव तास यायचं. मग एक कल्पना किती गावं करेल बघा."

"म्हणजे केंद्र राहते आमचं?"

"राहतं. आणि कल्पनाही राहते. काळजी सोडा."

आम्ही जिना उतरलो. मंदा म्हणाली, "मावशे, सुटलो व." मला सुटल्यासारखं का वाटत नव्हतं ते तेव्हा सांगता आलं नसतं.

तसंच टेंपो करून भैरवगढला गेलो. मी सांगितलंय, हे माझ्याच तोंडून आपांना कळायला पाहिजे होतं. आपा ओसरीवर ठप्पे पुसत होत्या. मी म्हटलं, "बोलून टाकलं, आपा." त्यांच्या हातातला फडका थांबला. मंदानं घाईघाईनं पुढचं सांगितलं, घाटावरचा वेळ साहेब मोजतच नाहीत, नंबर पडत नाही, लोन मिळणार, साहेब खूश आहेत. आपा भिंतीला टेकून खाली बसल्या, कपाळाला हात लावून, आणि कितीतरी वेळ नुसतं "या अल्ला" म्हणत राहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अम्मा, आपने तो जान निकाल दी थी. पूछ तो लेतीं."

"विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हटलं असतं."

"हां, सो तो है."

रामकन्या सगळं ऐकत होती. ती एकदम म्हणाली, "तो वो घाट वाला टाइम... वो किसी का नी हुआ?"

"नी," मंदा म्हणाली.

"सुबे से दोपेर तक खड़े रेते हैं पानी में," रामकन्या म्हणाली, "और टाइम किसी का नी हुआ. वा रे साब."

आणि ती दात नसलेल्या तोंडानं इतकी हसली की आपाही हसल्या. मीही हसले. पण परतीच्या सबंध वाटेवर ते बोलणं माझ्या डोक्यात राहिलं.

घरी

होळी झाली. केंद्र राहिलं. गावानं माझं कौतुक केलं, ते घेतलं मी, नाही कशाला म्हणू. आता आदल्या दिवशी आम्ही हापशीजवळ बसतो. कुणी आली नाही तर तिच्या घरी मला जावं लागतं. गुडघे बोलतात, पण होतं. हप्ते पुरे आहेत. दुसऱ्या दिवशी कल्पना येते, मुठी उघडतो, पाव तासात ती जाते. तिला आता तिप्पट गावं दिलीत.

परवा आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं. पैसे मोजताना दोनदा चुकली. ही पोरगी कधी चुकत नाही. मी विचारलं, "काय झालं व तुले?"

"काही नाही, मावशी. पुढच्या वेळी सांगते. पुढच्या गावात बायका बसल्यात."

ती स्टँडकडे निघाली. एसटी लागलेलीच होती. पुढच्या वेळी म्हणजे परत पावच तास, आणि समोर सगळ्या बायका. तिचं ऐकायला घाटही नाही आणि हापशीही नाही. शेंगदाण्याची पाटी मी मंदाच्या पोरीजवळ दिली आणि कल्पनाच्या मागोमाग गाडीत चढले.

"मावशी, तुम्ही कुठं?"

"सरक तिकडं," मी म्हटलं. "पुढच्या गावापर्यंत येते. परतीच्या गाडीनं येईन."

ती खिडकीशी सरकली. कंडक्टर आला. मी कनवटीचे पैसे काढून त्याला म्हटलं, दोन दे. गाडी फाट्यावर वळली, मग कल्पना बोलायला लागली.